सोळा की तेवीस?

महाराष्ट्रात जिवंत जन्मलेल्या दर 1000 बाळांपैकी किती बाळं पहिल्या वाढदिवसाआधी दगावतात? नमुना नोंदणी पद्धतीचा 2020 सालचा आकडा 16 आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीचा, म्हणजे 2019-20चा आकडा 23 आहे. दोन्ही यंत्रणा केंद्र सरकारच्या आणि दोन्हींचं काम अभ्यासकांच्या विश्वासाचं. तरीही मध्ये सात बाळांचं अंतर उरतं आणि राज्याने प्रगती केली की नाही या वादात ज्याला जो आकडा सोयीचा, तो तो उचलतो.

या अंकासाठी संपादकांनी 'राज्याची प्रगती' हा विषय पुढे ठेवला, तेव्हा आकड्याचा माग उलट्या दिशेने काढायचं ठरलं. अहवालाच्या मुखपृष्ठापासून सुरुवात करून तो आकडा जिथे पहिल्यांदा कागदावर उतरतो, त्या अंगणवाडीपर्यंत, उपकेंद्रापर्यंत, घराच्या ओसरीपर्यंत जायचं. सार्वजनिक आरोग्य, पोषण आणि बालसेवा यांचं मोजमाप मंत्रालयात होत नाही. तिथे फक्त बेरीज होते. मोजमाप करतात ती हजारो माणसं, बहुतेक बायका, आणि त्यांना काय मोजता येतं, काय मोजू दिलं जातं, यावर सगळं अवलंबून असतं.

वजनाचा दिवस

धारणी आणि चिखलदरा हे अमरावती जिल्ह्यातले दोन तालुके म्हणजे मेळघाट. 1993च्या पावसाळ्यात इथल्या बालमृत्यूंच्या बातम्यांनी महाराष्ट्र हादरला आणि तेव्हापासून कुपोषण म्हटलं की याच भागाचं नाव घेतलं जातं. इथल्या कोरकू पाड्यांवरच्या अंगणवाड्यांमध्येही राज्यातल्या इतर अंगणवाड्यांसारखाच महिन्यातून एकदा वजनाचा दिवस येतो. राज्यात लहानमोठ्या मिळून सुमारे 1 लाख 10 हजार अंगणवाड्या आहेत. म्हणजे महिन्याकाठी लाखो मुलं काट्यावर चढतात.

ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात सेविकेला आधी सपाट जागा शोधावी लागते, कारण काटा कलला की वजन चुकतं. अंगावरचे कपडे, कमरेचा करगोटा, हातातला वाळा उतरवायचा, तर मूल रडायला लागतं. रडणारं मूल काट्यावर स्थिर राहत नाही आणि आकडे खालीवर होत राहतात. उंचीचं तर वजनाहून अवघड. दोन वर्षांच्या आतलं मूल आडवं झोपवून मोजायचं, त्याहून मोठं उभं करून. त्याच मुलाची आडवी लांबी उभ्या उंचीपेक्षा सरासरी 0.7 सेंटिमीटर जास्त भरते, त्यामुळे पद्धत बदलली की आकडा बदलतो. मोजायला दोन माणसं लागतात. एकीने डोकं पट्टीला टेकवून धरायचं, दुसरीने गुडघे सरळ दाबायचे. मदतनीस त्या वेळी खिचडी शिजवत असेल, तर सेविकेने एकटीने निभावायचं. मग गुडघा थोडा वाकतो, उंची कमी भरते.

एक-दोन सेंटिमीटरने काय होतं? पुष्कळ होतं. मूल तीव्र कुपोषित, म्हणजे यंत्रणेच्या भाषेत 'सॅम' आहे की नाही, हे त्याचं वजन उंचीच्या मानाने किती यावरून ठरतं. उंची कमी लिहिली गेली की त्याच वजनाचं मूल उंचीला शोभणारं दिसतं आणि यादीतून सुटतं. म्हणूनच दंडघेराची पट्टी महत्त्वाची. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर 11.5 सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर ते तीव्र कुपोषित आणि 11.5 ते 12.5 असेल तर मध्यम. या पट्टीला ना सपाट जागा लागते, ना वीज.

मोजलेलं सगळं फोनवर भरायचं. 1 मार्च 2021पासून देशभर 'पोषण ट्रॅकर' हे अ‍ॅप आलं. वजन आणि उंची टाकली की श्रेणी तेच ठरवतं, आलेख हाताने काढावा लागत नाही. सेविकेचं एक काम त्याने हलकं केलं आणि दुसरं वाढवलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातल्या सेविकांनी सरकारने दिलेले फोन परत करण्याचं आंदोलन केलं. फोनची मेमरी अपुरी, तो सारखा अडकतो, दुरुस्तीचा खर्च अंगावर पडतो आणि अ‍ॅप इंग्रजीत, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. ज्या बाईच्या हातात राज्याचं पोषण मोजण्याचं काम आहे, तिला ते आपल्या भाषेत करता यावं यासाठी रस्त्यावर उतरावं लागलं.

लाल रंगाचं ओझं

फोनवर मुलाची श्रेणी लाल, म्हणजे तीव्र कुपोषणाची, आली की सेविकेचं काम खऱ्या अर्थाने सुरू होतं. आईला समजावणं, घरभेटी, मूल ग्राम बालविकास केंद्रात आणून दिवसातून अनेकदा खाऊ घालणं, वजन पुन्हा घेणं, गरज वाटली तर तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या पोषण पुनर्वसन केंद्रात पाठवणं. तिथे आईला मुलासोबत दिवसचे दिवस राहावं लागतं. घरी दुसरी लेकरं, शेतात काम, रोजंदारी बुडते. आई नाही म्हणते. मग पर्यवेक्षिकेचा फोन येतो: मूल अजून भरती का नाही? बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या बैठकीत त्या अंगणवाडीचं नाव निघतं. तुमच्याकडेच सॅम जास्त कसे?

हा प्रश्न महाराष्ट्रातल्या प्रत्येक पोषणविषयक आकड्याच्या मुळाशी आहे. लाल मूल शोधणाऱ्या सेविकेला जास्त काम आणि वर जाब. ते न शोधणाऱ्या सेविकेची बैठक शांततेत पार पडते. वजनात 200 ग्रॅम वाढवून लिहायला कुणी सांगत नाही. सांगावं लागतच नाही.

त्यामुळे दोन चित्रं समोर येतात. पाचव्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्यातली पाच वर्षांखालची 10.9 टक्के मुलं तीव्र कृश, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाला फारच कमी, आढळली. आधीच्या फेरीत हे प्रमाण 9.4 टक्के होतं. अंगणवाड्यांमधून वर जाणारं तीव्र कुपोषणाचं प्रमाण या आकड्याच्या जवळपासही जात नाही. फरकाची काही कारणं प्रामाणिक आहेत. अंगणवाडीत न येणारी मुलं मोजली जात नाहीत, सर्वेक्षणाचा हंगाम वेगळा असतो, मोजमापाची हत्यारं आणि प्रशिक्षणही वेगळं असतं. पण सगळा फरक एवढ्याने भरून निघत नाही. सर्वेक्षणाच्या माणसाला लाल आकड्यासाठी कुणी जाब विचारत नाही, हे कारणही त्यात धरावं लागतं.

दोष सेविकेचा नाही. ज्या व्यवस्थेत मोजणाराच त्या आकड्यावर तपासला जातो, तिथे शिक्षक असो, परिचारिका असो की पोलीस, सगळे असंच वागतात.

गडचिरोलीत मृत्यू मोजले गेले

मोजण्याने काय घडू शकतं, याचं महाराष्ट्रातलं सर्वांत मोठं उदाहरण गडचिरोलीचं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986मध्ये 'सर्च' ही संस्था तिथे सुरू केली. औषधोपचाराइतकंच महत्त्व त्यांनी नोंदीला दिलं. गावात जन्मलेलं प्रत्येक मूल आणि गेलेलं प्रत्येक मूल वहीत आलंच पाहिजे, हा आग्रह होता. नोंद पक्की झाल्यावर दिसलं की बालमृत्यूंचा मोठा हिस्सा जन्मानंतरच्या पहिल्या 28 दिवसांतला आहे. त्या दिवसांत बाळ घरातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात असतं आणि कुठलाही दवाखाना त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.

उपाय या माहितीतूनच सुचला. 39 गावांत गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं गेलं. बाळाचं वजन करणं, ताप पाहणं, श्वास अडकला तर कृत्रिम श्वास देणं, जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखणं आणि गरज पडली तर इंजेक्शन देणं इतकं सगळं त्या शिकल्या. अक्षरओळख नसलेल्यांनाही न्यूमोनिया ओळखता यावा म्हणून मणी सरकवून एका मिनिटात श्वास मोजण्याचं साधं साधन तिथे बनवलं गेलं. तुलनेसाठी 47 गावं होती. 1993 ते 1995 या काळात नवजात मृत्युदर हजारी 62च्या घरात होता. 1997-98पर्यंत आरोग्यदूतांच्या गावांत तो 25.5वर आला आणि तुलनेच्या गावांत जवळपास तिथेच राहिला. 1999मध्ये हे निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. पुढे 2011पासून देशभरातल्या आशा कार्यकर्त्यांच्या घरभेटींच्या कार्यक्रमाचा पाया हाच प्रयोग ठरला. आज आशा बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते ते त्यामुळे.

याच अनुभवातून 2001मध्ये 'कोवळी पानगळ' हा अहवाल आला. वेगवेगळ्या भागांत काम करणाऱ्या 13 स्वयंसेवी संस्थांनी आपापल्या गावांत आणि शहरी वस्त्यांत मृत्यू मोजले आणि राज्यात दरवर्षी सुमारे 1 लाख 75 हजार बालमृत्यू होत असावेत, असा अंदाज मांडला. सरकारी यंत्रणेकडे नोंद झालेले मृत्यू त्याच्या कितीतरी मागे होते.

उरलेले मृत्यू गेले कुठे होते? त्यासाठी मोठ्या कारस्थानाची गरज पडत नाही. जन्मल्यावर काही मिनिटांनी गेलेलं बाळ 'उपजत मृत' असं लिहिलं की ते अर्भकमृत्यूच्या हिशेबातून बाहेर पडतं. माहेरी बाळंत झालेल्या बाईचं बाळ सासरच्या गावच्या वहीत नसतं आणि माहेरच्या वहीतही नसतं. परिचारिकेचं पद रिकामं असेल तर त्या उपकेंद्राच्या वहीत शून्य लागतो आणि वर जाताना शून्य चांगलाच दिसतो. पुढे राज्य सरकारने डॉ. अभय बंग यांच्याच अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमली. लपलेले मृत्यू दाखवणाऱ्याच्याच हाती मोजण्याचं काम सोपवणं, ही राज्यासाठी साधी गोष्ट नव्हती.

प्रत्येक मुलाचं वजन झालं तेव्हा

खरा आकडा लपण्याचा प्रश्न सरकारी यंत्रणेच्या आतूनही एकदा नीट हाताळला गेला आहे. या शतकाच्या सुरुवातीला तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यातल्या वैजापूर तालुक्यातून कुपोषित मुलांच्या मृत्यूच्या बातम्या आल्या. तेव्हाचे विभागीय आयुक्त व्ही. रमणी यांनी मराठवाड्यात पहिला आग्रह धरला तो प्रत्येक मुलाचं वजन करण्याचा. वजनच होत नसेल तर कुपोषण आहे की नाही यावर चर्चा कशाची करायची? आरोग्य विभाग आणि महिला व बालविकास विभाग आपापल्या याद्या घेऊन वेगळे चालत होते, त्यांना एका टेबलाशी बसवलं गेलं.

या कामातून 2005मध्ये राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन उभं राहिलं. देशातल्या कुठल्याही राज्याचं हे पहिलं पोषण मिशन होतं आणि त्याचं पहिलं कार्यालय मुंबईत नव्हे, औरंगाबादला थाटलं गेलं. गर्भधारणेपासून मूल दोन वर्षांचं होईपर्यंतचे 1000 दिवस हे त्याचं मुख्य लक्ष्य.

यश मोजण्याची वेळ आली तेव्हा मिशनने स्वतःच्या नोंदींवर विसंबून राहणं टाळलं. 2012मध्ये युनिसेफच्या साहाय्याने मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने राज्याचं स्वतंत्र पोषण सर्वेक्षण केलं. दोन वर्षांखालच्या मुलांमधलं खुजेपण, म्हणजे वयाच्या मानाने कमी उंची, 2005-06मधल्या 39 टक्क्यांवरून 23 टक्क्यांवर आल्याचं त्यात दिसलं. इतक्या कमी वर्षांत एवढी घट झालेली पाहून परदेशी अभ्यासकही महाराष्ट्रात आले आणि हे कशामुळे झालं याचा शोध घेऊ लागले. एकच कारण सापडलं नाही. पैसा, आईचं शिक्षण, लग्नाचं वाढलेलं वय, दवाखान्यातली बाळंतपणं, अंगणवाडीचं सुधारलेलं काम या सगळ्यांचा थोडाथोडा वाटा होता.

इथे आकडा वाचणाऱ्याने सावध राहायला हवं. 23 टक्के हा दोन वर्षांखालच्या मुलांचा आकडा आहे. पाच वर्षांखालच्या सगळ्या मुलांमध्ये खुजेपण 2005-06मध्ये 46.3 टक्के होतं, 2015-16मध्ये 34.4 आणि 2019-20मध्ये 35.2. दोन वयोगटांचे आकडे शेजारी ठेवून कुणी प्रगती दाखवतं, कुणी घसरण. त्यात 2008च्या सुमारास जुन्या 'श्रेणी 1 ते 4' जाऊन जागतिक आरोग्य संघटनेचे वाढीचे निकष आले, म्हणजे मोजपट्टीच बदलली. खरं चित्र असं की पहिल्या दहा वर्षांत खुजेपण ठळकपणे घटलं आणि नंतर ती घट थांबली. दोन्ही वाक्यं एकत्र म्हणायला हवीत.

दोन यंत्रणा, दोन घड्याळं

आता 16 आणि 23 या कोड्याकडे.

नमुना नोंदणी पद्धतीची कल्पना 1960च्या दशकातली आहे. जन्म-मृत्यूची कायदेशीर नोंदणी तेव्हा अर्धवट होती, म्हणून देशभरात निवडक गावं आणि शहरी वस्त्या घेतल्या गेल्या. तिथे राहणारा अर्धवेळ प्रगणक, बहुधा शिक्षक किंवा अंगणवाडी सेविका, वर्षभर प्रत्येक जन्म आणि मृत्यू टिपत राहतो. दर सहा महिन्यांनी वरून एक पर्यवेक्षक येतो आणि प्रगणकाची वही न पाहता घरोघर फिरून स्वतःची यादी करतो. मग दोन्ही याद्या एकमेकींशी ताडून पाहिल्या जातात. जी नोंद एकाच यादीत आहे, तिची त्या घरी जाऊन पुन्हा खातरजमा होते. एका माणसाच्या नजरेतून सुटलेला मृत्यू दुसऱ्याला सापडावा, एवढा साधा विचार यामागे आहे आणि तो पन्नासहून अधिक वर्षं टिकला आहे.

कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची रीत वेगळी. महाराष्ट्रात 2019मध्ये पाहणीची पथकं 31 हजारांहून अधिक घरांत गेली. 15 ते 49 वयाच्या प्रत्येक बाईला तिच्या सगळ्या बाळंतपणांचा इतिहास विचारला गेला. किती मुलं झाली, कधी झाली, कोणतं गेलं, किती दिवसांचं होऊन गेलं. त्यावरून मागच्या पाच वर्षांचा दर काढला जातो. म्हणजे 23 हा आकडा 2019च्या आधीच्या पाच वर्षांचा आहे आणि 16 हा 2020 या एका वर्षाचा. घसरत्या दरात मागच्या पाच वर्षांची सरासरी शेवटच्या वर्षापेक्षा जास्तच भरणार. शिवाय दोन्हीकडे नमुना आहे आणि नमुन्यावरून काढलेला दर थोडा खालीवर असू शकतो. सात बाळांच्या अंतरातलं बरंचसं असं उलगडतं.

पण राज्याची सरासरी ही कुठल्याच गावाची गोष्ट नसते. पाचव्या फेरीत राज्यातल्या 36.1 टक्के मुलांचं वजन वयाच्या मानाने कमी होतं. नंदुरबार जिल्ह्यात मात्र निम्म्याहून अधिक मुलांचं. अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतल्या सातपुड्याच्या पाड्यांवरून आजाऱ्याला झोळीत घालून डोंगर उतरवावा लागतो आणि नर्मदेच्या फुगवट्याकाठच्या गावांसाठी बोटीवरचा तरंगता दवाखाना चालवावा लागतो. तिथल्या आईला राज्याचा 16 हा आकडा ऐकवून काही उपयोग नाही.

मातामृत्यूच्या बाबतीत तर ही अडचण आणखी वाढते. 2018-20 या काळात महाराष्ट्रात दर 1 लाख जिवंत जन्मांमागे 33 मातामृत्यू झाले. देशाचं प्रमाण 97 होतं आणि केरळचं 19. महाराष्ट्राची कामगिरी चांगलीच म्हणावी लागेल. मात्र मातामृत्यू ही संख्येने विरळ घटना असल्यामुळे तीन वर्षांची माहिती एकत्र करूनच राज्याचा दर निघतो. जिल्ह्याचा भरवशाचा दर अशा नमुन्यातून काढताच येत नाही. तालुक्याच्या पातळीवर म्हणूनच प्रत्येक मृत्यूचं अन्वेषण करावं लागतं. बाई घरातून कधी निघाली, गाडी कधी आली, पहिल्या दवाखान्यात रक्त का नव्हतं, पुढे पाठवायला किती तास लागले. हे प्रश्न दोषी शोधायला नव्हे, तर रस्त्यातली फट शोधायला विचारायचे असतात. चौकशी शिक्षेकडे झुकली की कागद नीटनेटके होतात आणि फट तशीच राहते.

नीती आयोगाच्या आरोग्य निर्देशांकात महाराष्ट्र 2019च्या अहवालात मोठ्या राज्यांत तिसरा होता, 2021च्या अहवालात पाचवा. या क्रमांकावरून मथळे होतात. पण क्रमांक हा शेजारच्या राज्याने काय केलं यावरही ठरतो. मेळघाटातल्या उपकेंद्रात परिचारिका आली की नाही, हे त्यातून कळत नाही.

गावाच्या हातातलं प्रगतिपुस्तक

उपकेंद्रात परिचारिका येते की नाही, हे सर्वांत नेमकं कुणाला माहीत असतं? गावाला. 2005मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात लोकाधारित देखरेखीची तरतूद होती आणि 2007पासून महाराष्ट्रात ती प्रत्यक्षात आली. पुण्याच्या 'साथी' या संस्थेकडे राज्यपातळीवरचा समन्वय होता. सुरुवात अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद (आताचं धाराशिव), पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांतल्या 225 गावांतून झाली, पुढे आणखी जिल्हे जोडले गेले.

पद्धत अशी. गावाची आरोग्य, पोषण व स्वच्छता समिती बसते. बायकांची वेगळी बैठक होते, कारण बाळंतपणाविषयी पुरुषांसमोर कुणी बोलत नाही. प्रश्न साधे असतात. परिचारिका मागच्या महिन्यात आली का? लसीकरण ठरल्या दिवशी झालं का? अंगणवाडीतला आहार मुलांना आवडतो का, पोटभर मिळतो का? प्राथमिक आरोग्य केंद्रात औषध मिळतं की बाहेरून आणायला चिठ्ठी देतात? पैसे मागितले का? डॉक्टर नीट बोलतात का? प्रत्येक उत्तरापुढे हिरवा, पिवळा किंवा लाल रंग. ज्याला वाचता येत नाही त्यालाही तक्ता समजतो. तो चावडीवर किंवा शाळेच्या भिंतीवर लागतो.

पुढची पायरी जनसुनवाईची. तालुक्याच्या गावी मंडप पडतो. समोर तालुका आरोग्य अधिकारी, वैद्यकीय अधिकारी, पंचायत समितीचे सदस्य, पत्रकार. माणसं उठून सांगतात. बाळंतपणाला आणलेल्या सुनेला दारातूनच परत पाठवलं. सलाइनचे पैसे घेतले. गाडी आहे पण डिझेल नाही म्हणाले. अधिकारी उत्तर देतात, कधी चिडतात, आणि दिलेलं आश्वासन लिहून घेतलं जातं. पुढच्या सुनवाईत तीच यादी आधी वाचली जाते.

या मंडपात डॉक्टरांचीही बाजू उघड झाली. अनेक वैद्यकीय अधिकाऱ्यांनी सांगितलं की औषधं जिल्ह्याहून येतच नाहीत, तीनपैकी एक पद कायम रिकामं आहे, बाळंतपणाच्या खोलीला पाणी नाही. त्यांच्या वरिष्ठांना पत्रातून जे ऐकू येत नव्हतं, ते गावाच्या तोंडून ऐकू आलं. पहिल्या फेरीत निम्म्याहून कमी उत्तरांना 'चांगलं' हा शेरा मिळाला होता. तिसऱ्या फेरीपर्यंत हे प्रमाण दोन तृतीयांशाच्या आसपास पोहोचलं.

अंगणवाडीतल्या लाल रंगात आणि या लाल रंगात मोठा फरक आहे. तिथे सेविका स्वतःच्या कामावर लाल शिक्का मारते आणि जाबही तिलाच मिळतो. इथे सेवा घेणारा रंग देतो आणि उत्तर ज्याच्या हातात खरंच काही आहे त्याने द्यायचं असतं. म्हणूनच यंत्रणेला ही देखरेख जड जाते. निधी उशिरा येणं, कमी होणं, कार्यकर्त्यांचं मानधन थकणं हे या उपक्रमाच्या वाट्याला वारंवार आलं. राज्याच्या आरोग्य अंदाजपत्रकात या कामाचा खर्च अगदी किरकोळ आहे. तरीही काटकसर आठवते ती आधी इथेच.

दिवाळीनंतर निघणाऱ्या गाड्या

मोजमापाची सगळ्यात मोठी चूक चुकीचा आकडा ही नसते. प्रश्नच न विचारणं ही असते.

बीड जिल्ह्यातून दरवर्षी लाखो माणसं ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडेपर्यंत सुट्टी नाही आणि एक दिवस खाडा झाला तर दंड. पाळीच्या त्रासाने, गर्भाशयाच्या दुखण्याने दवाखान्यात गेलेल्या बायकांना पिशवी काढण्याचा सल्ला मिळत होता. कित्येकींनी तिशीतच ती काढून टाकली होती. 2019मध्ये याच्या बातम्या आल्या आणि विधान परिषदेच्या तेव्हाच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीडमधल्या 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यातल्या 13,861 जणींची गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया झालेली होती, म्हणजे साधारण सहामागे एक. 2015-16च्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 15 ते 49 वयाच्या भारतीय बायकांमध्ये हे प्रमाण सुमारे 3 टक्के होतं.

त्या सगळ्या वर्षांत बीड जिल्ह्याचे लसीकरणाचे, दवाखान्यातल्या बाळंतपणांचे, कुटुंबनियोजनाचे अहवाल महिन्याच्या महिन्याला वर जात होते. त्यांत या बायका कुठेच नव्हत्या. खासगी दवाखान्यातली शस्त्रक्रिया सरकारी वहीत येत नाही आणि हंगामात पाहणीचं पथक गावात आलं तर घराला कुलूप असतं. हा प्रश्न समोर आला तेव्हा कुठे बीडमध्ये खासगी दवाखान्यांना अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचं बंधन आलं.

ऊसतोड्यांच्या मुलांचंही असंच होतं. गावच्या अंगणवाडीत त्यांच्या नावापुढे 'स्थलांतरित' लिहिलं जातं. कारखान्याच्या परिसरातल्या अंगणवाडीत त्यांचं नाव नसतं. चार-पाच महिने ते मूल कुठल्याच काट्यावर चढत नाही आणि कुठल्याच आकड्यात चुकत नाही. वीटभट्ट्यांवर जाणारी पालघरची मुलं, मेळघाटातून मजुरीला बाहेर पडणाऱ्या आणि होळीला परतणाऱ्या कुटुंबांची मुलं यांचीही तीच गत.

राज्याच्या महिला व बालविकास विभागाने 2021च्या अखेरीस काही जिल्ह्यांत स्थलांतर नोंदीची 'महा एमटीएस' ही व्यवस्था प्रायोगिक स्वरूपात आणली आणि पुढच्या वर्षी ती वाढवायला घेतली. कुटुंब निघण्याआधी गावच्या सेविकेने नोंद करायची, पोहोचल्यावर तिथल्या सेविकेने ती उघडून आहार, लस आणि वजन सुरू ठेवायचं, परतल्यावर पुन्हा गावात नोंद लावायची. कल्पना योग्य आहे. तिची परीक्षा दुसऱ्या टोकाला आहे. उसाच्या फडापासून अंगणवाडी किती लांब आहे, पालांच्या वस्तीपर्यंत सेविका जाते का, तिच्याकडे आधीच शंभर मुलं असताना आलेल्या वीस मुलांचा आहार तिला मंजूर होतो का, आणि त्या वीसांत सात लाल निघाली तर बैठकीत तिला मदत मिळते की जाब.

हा अंक वाचकांच्या हाती असेल त्या आठवड्यांत बीड, जालना, अहिल्यानगरच्या गावांतून ट्रॅक्टर आणि ट्रक भरून निघत असतील. कारखाना असलेल्या तालुक्यांतल्या ग्रामपंचायतींना, साखर कारखान्यांच्या संचालकांना आणि पंचायत समित्यांना एक काम याच हंगामात करता येईल: पालांच्या वस्तीवर वजनाचा दिवस ठरवणं, त्या दिवसासाठी काटा, दंडघेराची पट्टी आणि एक जास्तीची मदतनीस देणं, आणि निघालेला आकडा, कितीही लाल असला तरी, वस्तीसमोर मोठ्याने वाचून दाखवणं.